उरलेली चिठ्ठी

चष्मेवाला : थांबव, थांबव तिथं. आता मला सांग, हिच्या कपाळावरची आठी कुठं गेली?

ग्रंथपाल : साफसफाईत गेली असेल.

चष्मेवाला : साफसफाई! ही काय फरशी आहे? त्या छायालेखकानं दिवा मुद्दाम बाजूला ठेवून ती आठी उजळली होती. माझ्या ह्या नटीचा, भुवईबाईचा, निम्मा अभिनय त्या आठीवर चालायचा. आणि ह्या कंपनीवाल्यांनी घासून घासून चेहऱ्याची बशी केली.

ग्रंथपाल : डिस्कच्या वेष्टनावर लिहिलंय तसं. ‘मूळ निगेटिव्हवरून, डाग आणि ओरखडे काढून.’

चष्मेवाला : आठी म्हणजे ओरखडा? उद्या डाग म्हणून नाक काढतील. तू पत्र लिही त्यांना.

ग्रंथपाल : मी?

चष्मेवाला : मग कोण? उभं आयुष्य ग्रंथालयात काढलंस. पत्र लिहायचं काम तुझं, शिव्या पुरवायचं माझं.

ग्रंथपाल : मागचं पत्रही अजून टाकलं नाही मी. मसुदा तेवढा तयार आहे. नंतर वाटलं, आपलंच काही चुकत असेल.

चष्मेवाला : तुझं सगळं मसुद्यातच राहतं. कंपाउंडर असता तर...

ग्रंथपाल : तर म्हणाला असता, आठी गेली ते बरं झालं. आता भुवईबाईंचा अभिनय उघडा पडला.

चष्मेवाला : अगदी हेच म्हणाला असता! मग मी त्याच्या हुंदकेवाल्या नटीवर घसरलो असतो, तो उठून उभा राहिला असता, पाच वाजेपर्यंत मजा. तो जाऊन तीन महिने झाले रे, कुणाशी धड भांडलेलो नाही. तुझ्याशी भांडायचं म्हणजे उशीशी कुस्ती.

ग्रंथपाल : दारावर कुणीतरी आहे.

चष्मेवाला : रविवारी दुपारी दुकान बंद असतं. पाटी वाचता येत नाही का? बरोबर आहे, पाटी वाचता येत नाही तोच चष्मेवाल्याकडे येणार. बघ जाऊन.

ग्रंथपाल : अरे... वहिनी आहेत. कंपाउंडरच्या घरच्या.

वहिनी : आत येऊ ना? पाटी बंदची होती, पण आतून तुमचा आवाज आला. म्हटलं, इथंच असणार तुम्ही.

चष्मेवाला : या, या वहिनी. अरे, बंद कर ते. एकतीस वर्षांत पहिल्यांदा आमची पायरी चढलात. ते फ्रेमांचे खोके सरकवतो, बसा. पाणी आणू?

वहिनी : नको, भावजी. हे पार्सल आलंय. नाव ह्यांचं, सही मी केली.

ग्रंथपाल : बघू. अरे! त्याच्या हुंदकेवालीचा, दीपगृहाचा सिनेमा. आला शेवटी?

वहिनी : न उघडता कसं कळलं?

ग्रंथपाल : पाठवणाऱ्याच्या शिक्क्यावरून. दोनदा तारीख पुढं ढकलली त्यांनी. कंपाउंडरनं नाव नोंदवलं त्याला आठ महिने झाले. इस्पितळातसुद्धा विचारायचा, आला का म्हणून.

वहिनी : माहीत आहे. उशाशी मीच होते. मुलगा कधी पोचतोय हे एकदा विचारलं, आणि हे रोज.

चष्मेवाला : अहो, नादच तसा होता त्याला. त्याचं मनावर घेऊ नका.

वहिनी : भावजी, मी समजूत काढून घ्यायला आले नाही. एक विचारायला आलेय. मुलगा ह्यांचं कपाट रिकामं करायचं म्हणतोय. त्यात दोन खण भरून त्या बाईचा संसार आहे. कॅसेटी, डिस्क, मासिकांची कात्रणं. मी त्याला म्हटलं, रविवारपर्यंत थांब. तुम्ही खरं काय ते सांगा. मग ते सगळं घरात ठेवायचं, की गाडीत घालून तुमच्या दारात आणून टाकायचं, ते मी ठरवीन.

ग्रंथपाल : काय सांगायचंय?

वहिनी : ह्यांनी हीच बाई का निवडली?

चष्मेवाला : का म्हणजे? गुणी नटी होती. चेहऱ्यावर भाव, आवाजात कंप...

वहिनी : तुम्ही तिला गळका नळ म्हणायचात. हे घरी येऊन तणतणत सांगायचे मला. ‘आज चष्मेवाला पुन्हा तिला नळ म्हणाला.’ जेवणात लक्ष नसायचं.

चष्मेवाला : सांगायचा होय? मला वाटायचं, इथल्या इथं विसरतो.

वहिनी : तुमच्या मंडळात भुवई तुमची, खिडकीत उभी राहणारी ती ह्या ग्रंथपाल भावजींची, आणि हुंदके देणारी ती आमच्या घरात. इतकं मला ठाऊक आहे. प्रत्येकाची आवडती. पण ती त्यांना का आवडली, ते मला माहीत आहे असं मी समजत होते. चोवीस वर्षं समजत होते. आता मला कुणाच्या तरी तोंडून ऐकायचंय, हो किंवा नाही.

ग्रंथपाल : तुम्हाला काय वाटत होतं, वहिनी?

वहिनी : माझी थोरली बहीण तुम्ही पाहिली नसेल.

चष्मेवाला : नाही. त्या बोटीवरच्या इंजिनिअरला दिलेली ना?

वहिनी : दिली नव्हती, तिनंच पसंत केला. त्याआधी हे आमच्याकडे यायचे, वडिलांना इंजेक्शन द्यायला. रोज संध्याकाळी सहाला. सुई वडिलांच्या दंडात आणि नजर ताईकडे. वडील ओरडायचे, ‘अहो कंपाउंडर, हात माझा आहे, इकडे बघा!’ सगळं घर हसायचं. मीही हसायचे.

चष्मेवाला : हे कधी बोलला नाही पठ्ठ्या.

वहिनी : ताई लग्न करून गेली. वडिलांची इंजेक्शनं संपली. हे यायचे थांबले नाहीत. दोन वर्षांनी मला विचारलं. मी हो म्हटलं. का नाही म्हणू? चांगला माणूस. कधी आवाज चढवला नाही, कधी ताईचं नाव काढलं नाही. मीही काढलं नाही. उरली ती मी होते, हे दोघांनाही माहीत होतं. ते बोलून दाखवायची गरज नव्हती.

ग्रंथपाल : वहिनी...

वहिनी : थांबा, सांगू द्या. एकदा मी चहा घेऊन खोलीत गेले. कॅसेट चालू होती. पडद्यावर ती बाई, मान अशी तिरपी केलेली. मी दारातच थिजले. ताईच! तीच मान, तीच जिवणी. हे तिच्याकडे एकटक बघत होते. मी कप ठेवला आणि बाहेर आले. त्या दिवसापासून कॅसेट लागली की मी स्वयंपाकघरात भांडी घासायला जायचे. घासलेली भांडी पुन्हा घासायचे. तर आता सांगा. ताईसारखी दिसते म्हणून निवडली का त्यांनी तिला?

चष्मेवाला : निवडली? वहिनी, अहो, निवडली कुठं? तू सांगतोस की मी सांगू?

ग्रंथपाल : तू सांग.

चष्मेवाला : घरी सांगायचं नाही असा आमचा नियम होता. आता तो कुणासाठी पाळायचा! मी नवा नवा व्हीसीआर घेतला होता. हे दोघे रविवारी यायला लागले. तिघांनाही खिडकीच आवडायची. ती खिडकीत उभी राहिली की तिघंही गप्प. मग भांडणं. तिच्यावर पहिलं कोण बोलणार, तिचा सिनेमा कोण आणणार, कात्रण कुणाच्या घरी जाणार. शेवटी ठरलं, तीन नट्या, तीन चिठ्ठ्या. जी येईल ती आपली. बदलायची नाही, सोडायची नाही, कुणी नावं ठेवली तर तिची बाजू आपण घ्यायची.

वहिनी : चिठ्ठ्या टाकून?

चष्मेवाला : चाळिशीतली माणसं आम्ही, चष्म्याच्या डबीत चिठ्ठ्या टाकून नट्या वाटून घेत होतो. घरी सांगितलं असतं तर आमची ही जन्मभर हसली असती. म्हणून सगळ्यांनी घरी एकच सांगायचं, ‘माझी आवडती.’

वहिनी : म्हणजे ह्यांना ती चिठ्ठीत आली?

चष्मेवाला : चिठ्ठीत. नशिबात. त्याला हवी होती खिडकी, आला हुंदका. झालं तुमचं समाधान? चला, आता चहा टाकतो.

ग्रंथपाल : चहा नको टाकूस. बस.

चष्मेवाला : का रे?

ग्रंथपाल : ते चिठ्ठीत आलं नव्हतं.

चष्मेवाला : तुला काय झालं? ह्या खोलीत, ह्या टेबलावर आपण...

ग्रंथपाल : तू पहिली उचललीस. भुवई. मग पुढं गिऱ्हाईक आलं म्हणून तू दुकानात गेलास. कंपाउंडर अजून आला नव्हता, दवाखान्यात कुणाचं तरी डोकं फुटलं होतं. मी एकटा होतो. मी चिठ्ठी उचलली, उघडली. हुंदका. मी ती घडी करून परत टाकली आणि दुसरी घेतली.

चष्मेवाला : काय सांगतोस!

ग्रंथपाल : उरली ती त्याच्यासाठी राहिली. तो धावत आला, बाह्या वर केलेल्या, हाताला स्पिरिटचा वास. डबीत एकच चिठ्ठी. उघडली, वाचली आणि म्हणाला, ‘बरं.’ एवढंच. मग विचारलं, ‘हिचा कुठला सिनेमा आधी बघू?’

चष्मेवाला : एकतीस वर्षं! एकतीस वर्षं तू चोरीची नटी घेऊन माझ्या शेजारी बसलायस! खिडकी तुझी नाहीच! तिच्यावरून मला व्याख्यानं द्यायचास, प्रकाश असा पडतो आणि पडदा तसा हलतो...

ग्रंथपाल : हो.

चष्मेवाला : आणि मी तुला भित्रा समजत होतो!

ग्रंथपाल : भित्राच आहे. म्हणून तर बोललो नाही. वाटायचं, कळलं तर तुम्ही म्हणाल, उद्यापासून येऊ नकोस. मला रविवारी जायला दुसरी जागा नव्हती. नंतर वाटलं, एवढी काय मोठी गोष्ट आहे, सिनेमातल्या बायका त्या. त्यानं कुणाचं काय बिघडलं? आज कळलं कुणाचं बिघडलं. वहिनी, तुम्ही भांडी घासत होतात ती माझ्यामुळे. मला क्षमा करा असं म्हणायलाही तोंड नाही.

वहिनी : ह्यांनी निवडली नाही.

ग्रंथपाल : नाही.

वहिनी : ह्यांना खिडकीवाली हवी होती. ती कशी आहे दिसायला?

चष्मेवाला : उंच, किडकिडीत. नाक पुढं.

वहिनी : ताईसारखी नाही.

चष्मेवाला : ताईंना मी पाहिलं नाही, पण ही कुणासारखीच नाही.

वहिनी : बरं झालं आले. जाते मी. कपाटाचं मुलाला सांगते. भावजी, तुम्ही रडू नका हो. तुम्ही खोटेपणा केलात म्हणून तर मला आज हे ऐकायला मिळालं.

ग्रंथपाल : बसा, वहिनी. अजून एक आहे.

चष्मेवाला : आता काय! माझी भुवईपण चोरीची आहे का?

ग्रंथपाल : हे नाही सांगितलं तर तुम्ही हलक्या मनानं घरी जाल. मलाही ते बरं वाटेल. पण तुम्ही खरं विचारायला आलात. निम्मं सांगून पाठवणं म्हणजे पुन्हा तेच, उघडलेली चिठ्ठी घडी करून टाकणं.

वहिनी : बोला.

ग्रंथपाल : सात वर्षांनी मला राहवेना. मी दवाखान्यात गेलो. तो बाटलीवर मात्रेच्या खुणांची कागदाची पट्टी चिकटवत होता. मी चिठ्ठीचं सांगितलं नाही, तेवढं धैर्य नव्हतं. म्हटलं, कंपाउंडर, नियम गेला खड्ड्यात. खिडकी तू घे, हुंदका मला दे. मी कुणाला कळू देणार नाही.

वहिनी : मग?

ग्रंथपाल : नाही म्हणाला.

वहिनी : खिडकीवाली मिळत असून?

ग्रंथपाल : मिळत असून.

वहिनी : म्हणजे तोपर्यंत त्यांना ती दिसली होती. सात वर्षांनी... मी चहा घेऊन गेले तेही त्याच सुमाराचं. चिठ्ठीनं आली, आणि मग ह्यांना तिच्यात ताई दिसली. म्हणून सोडली नाही. झालं, फिरून तिथंच आले मी.

चष्मेवाला : तुला गप्प बसायला काय झालं होतं रे? जात होत्या ना सुखानं!

वहिनी : त्यांना बोलू नका. काय म्हणाले हे? नुसतं नाही?

ग्रंथपाल : नुसतं नाही. मी घरी जाऊन वहीत लिहून ठेवलं होतं. शब्द थोडे इकडचे तिकडे झाले असतील, माझ्यावर फार विसंबू नका. पट्टी चिकटवून झाल्यावर त्यानं बाटली उजेडात धरली आणि म्हणाला, ‘पहिल्या वर्षी देत असतास तर उडी मारून घेतली असती. आता हिचं सगळं मला माहीत झालंय. ही कुठं उगीच रडते, कुठं खरं रडते, कुठं रडू आवरते. ते कळायला मला सात वर्षं लागली. आता दुसरी कशाला?’

चष्मेवाला : हे असं म्हणाला?

ग्रंथपाल : असं म्हणाला. आणि पट्टी तिरकी लागली म्हणून पुन्हा काढायला बसला.

वहिनी : ‘आता दुसरी कशाला.’

ग्रंथपाल : तो तिच्याबद्दलच बोलत होता, वहिनी. सिनेमातल्या बाईबद्दल. मी त्यात जास्त काही घालणार नाही.

वहिनी : नका घालू. कळतंय मला.

चष्मेवाला : वहिनी, एक बोलू? तुम्ही तिला पाहिलंत ती कॅसेटवर. ती कॅसेट मीच करून दिली होती त्याला. कुणाच्या तरी प्रतीवरून प्रत, तिच्यावरून आणखी प्रत. चेहरा म्हणजे पिठात उमटलेला अंगठा. त्यात कुणीही कुणासारखं दिसेल. माझी सासू दिसली असती.

वहिनी : आणि ह्या पार्सलात?

ग्रंथपाल : ह्यात मूळ निगेटिव्हवरून केलेली आहे. आम्ही तिघांनीही तिला इतकी स्वच्छ कधी पाहिलेली नाही.

वहिनी : उघडा.

चष्मेवाला : नक्की?

वहिनी : उघडा म्हणते ना. तो तुमचा बारका स्क्रू-ड्रायव्हर द्या इकडे, मीच उघडते.

चष्मेवाला : जपून, डिस्कला ओरखडा जाईल. घे रे ती, लाव. आणि मधलाच भाग लाव, जिथं ती दिवा घेऊन वर येते.

(पडद्यावर चित्र येतं.)

वहिनी : ही कोण?

ग्रंथपाल : हीच ती.

वहिनी : हीच? हिची जिवणी केवढी मोठी! ताईची एवढीशी होती. आणि हनुवटीवर हे काय?

ग्रंथपाल : व्रण आहे. मलाही आत्ताच दिसतोय.

चष्मेवाला : मलाही. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. हा मात्र पुसला नाही हां ह्यांनी.

वहिनी : आता मान तिरपी केली बघा. ती तशी कुणीही करतं. मीही करते. ताईचं हिच्यात काही नाही. डोळे नाहीत, कपाळ नाही, काहीच नाही. दारातून एकदा पाहिलं मी, अर्धा मिनिट. बाकीचं मीच जोडलं. चोवीस वर्षं माझ्या घरात ताईला मीच आणून बसवलं होतं.

चष्मेवाला : असं नका म्हणू.

वहिनी : पण भावजी, ह्यांनीही तीच कॅसेट पाहिली ना? पुसटच. त्यांनाही तसंच वाटलं असेल.

ग्रंथपाल : असेल. मी नाही म्हणणार नाही, त्याच्या मनातलं मला काय ठाऊक? पण वहिनी, ज्याला पुसट चेहऱ्यात दुसरंच कुणी बघायचं असतं, तो स्वच्छ प्रतीसाठी पाच महिने वाट बघत नाही. त्याला पुसटच बरं. कंपाउंडरला हिचा चेहरा बघायचा होता. हिचाच. असं आपलं मला वाटतं. मी चुकतही असेन.

चष्मेवाला : नाही चुकत. लिहून ठेव वहीत, आज तू चुकला नाहीस.

वहिनी : पाच महिने. रोज विचारायचे. आणि मी दर वेळी म्हणायचे, ‘नाही आलं’, तोंड फिरवून.

ग्रंथपाल : नव्हतंच आलं, वहिनी.

वहिनी : हो. नव्हतंच आलं. थांबवू नका, चालू दे. कपाट आहे तिथंच राहील. मुलाला म्हणावं, दुसरीकडे ठेव तुझं सामान. ही आता कुठं चाललीय, दिवा घेऊन?

ग्रंथपाल : वर. नवरा बोट घेऊन गेलाय, परत आलेला नाही. हिला दिवा लावून ठेवायचाय.

चष्मेवाला : आणि आता रडायला लागेल. पाच मिनिटं हेच चालणार. मी तोपर्यंत चहाचं बघतो, नाहीतरी ह्यात काही...

वहिनी : रडू द्या तिला, भावजी. आणि डोकं जरा बाजूला घ्या, मला दिसत नाहीये.